देवावर लेख लिहिला म्हणून नोकरी गेली, पुढं त्याच नास्तिकाच्या मुलीचं लग्न गांधीजींच्या सेवाग्राममध्ये लागलं

नागपूरवरून अमरावतीकडं निघालं की हायवेवर कारंजा (घाडगे) लागतं. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडचा हा तालुका. तसंच पुढं गेलं की तळेगाव, तिवसा आणि मग मोझरी. मोझरीत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज, तर अमरावतीत गाडगेबाबांची समाधी. आणि कारंज्यावरून जिल्ह्याच्या आतल्या अंगाला वळलं तर आर्वी, वर्धा करत माणूस पोहोचतो सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात.

थोडक्यात काय, तर या पट्ट्याला देव हा विषय नवीन नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचे. दगडाला शेंदूर फासून देव होतो का, नवसानं पोरं होतात का, असा त्यांचा रोख असायचा. तुकडोजी महाराज खंजिरी वाजवत गावाच्या सफाईत आणि माणसाच्या सेवेत देव बघायला सांगायचे. आणि गांधीजींची तर सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चुकायची नाही.

तिघांनीही देवाच्या नावानं चाललेल्या धंद्यावर टीका केली, पण देव मात्र सोडला नाही.

अशा या वर्धा जिल्ह्यात १९४४ साली एक माणूस आला. त्याला देवाचा धंदाच नाही, तर देवही मान्य नव्हता. बरं, तो येऊन राहिला कुठं, तर थेट सेवाग्राम आश्रमात.

या माणसाचं नाव गोपराजू रामचंद्र राव. आडनावातला गो आणि नावातला रा जोडून लोक त्यांना गोरा म्हणायचे.

मराठी माणसाला गोरा म्हटलं की गोरा कुंभार आठवतात. विठ्ठलाच्या नामात इतके दंग झाले की पायाखाली आलेलं लेकरू कळलं नाही, अशी त्यांची कथा सांगितली जाते. आंध्रातले हे गोरा त्याच्या बरोबर उलट्या टोकाचे. आयुष्यभर त्यांचं एकच म्हणणं होतं. देवात दंग झाल्यामुळं माणसाला पायाखालचं दिसेनासं होतं.

सोवळ्या घरातला मुलगा

गोरांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ चा. गाव छत्रपूर, आजच्या ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातलं. घर तेलुगू ब्राह्मणाचं, सोवळ्या-ओवळ्याचं. १९२२ साली त्यांचं लग्न झालं, तेव्हा बायको सरस्वती होत्या फक्त १० वर्षांच्या. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

गोरांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि शिकवायला सुरुवात केली. मदुराई, कोइमतूर, कोलंबो, काकीनाडा अशा नोकऱ्या झाल्या. विषय वनस्पतींचा असल्यामुळं एखादी गोष्ट मान्य करण्याआधी ती तपासून बघायची, ही सवय अंगात मुरलेली. फरक एवढाच की ही सवय त्यांनी प्रयोगशाळेच्या बाहेरही लावली.

एखाद्या घरात भूत आहे म्हणून कुणी राहत नाही म्हटल्यावर गोरा नेमके त्याच घरात राहायला गेले. ग्रहणात गरोदर बाईनं बाहेर पडू नये, असं सगळे सांगत असताना सरस्वती गरोदर असताना ग्रहणात बाहेर आल्या. लेकराला काही झालं नाही. दोघांना जे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं होतं, ते न बोलता सांगून झालं.

पण जानव्याची गोष्ट एवढी सोपी नव्हती. गोरांनी जानवं घालायचं बंद केलं आणि घरात भूकंप झाला. जातीनं वाळीत टाकलं, वडिलांनी घराबाहेर काढलं. पोटच्या पोराला बाहेर काढणाऱ्या वडिलांना दुष्ट म्हणणं सोपं आहे, पण जातीनं टाकलेल्या पोराला घरात ठेवलं तर सगळं घरच वाळीत पडायचं, असा तो काळ होता. गोरा आणि सरस्वती सामान घेऊन निघाले.

एका शब्दाचा अर्थ विचारला

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला होता. गोरांच्या घरी त्याच वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं लवणम, म्हणजे मीठ. पुढं दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा झालेल्या मुलाचं नाव समरम, म्हणजे युद्ध. नवव्या मुलाचं नाव तर सरळ नऊ. देवाचं नाव ठेवायचं नाही म्हटल्यावर नावं कुठून आणायची, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

त्याच १९३० साली गोरांनी गांधीजींना एक पत्र लिहिलं. गांधीजींच्या बोलण्यात आणि लिहिण्यात देव हा शब्द वारंवार यायचा. गोरांनी विचारलं की या शब्दाचा तुमचा अर्थ काय आणि रोजच्या जगण्याशी तो अर्थ कितपत जुळतो.

देव आहे की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. बऱ्याच नास्तिकांची सुरुवात इथूनच होते. एखादी वस्तू आहे की नाही हे ठरवायच्या आधी ती वस्तू म्हणजे काय, हे ठरायला हवं. कुणी देव म्हणजे मंदिरातली मूर्ती म्हणतो, कुणी जग चालवणारी शक्ती म्हणतो, कुणी निसर्गालाच देव म्हणतो, तर कुणी माणसातल्या चांगुलपणाला. निसर्ग आहेच आणि चांगुलपणाही आहेच. ते कुठला नास्तिक नाकारणार? मग नास्तिक नेमकं काय नाकारतो, हे समजायला आधी समोरच्यानं आपला अर्थ सांगावा लागतो.

गांधीजींनी अगदी थोडक्यात उत्तर पाठवलं. देव माणसाच्या आकलनापलीकडचा आहे, असा त्याचा आशय होता.

गोरांच्या दृष्टीनं हे उत्तर म्हणजे बंद दार होतं. जे आकलनाच्या पलीकडं आहे त्याच्याबद्दल बोलायचं काय आणि त्याच्या आधारावर रोजचं आयुष्य चालवायचं कसं?

नास्तिक म्हणजे नेमकं कोण?

नास्तिक हा शब्द आपल्याकडं फार जुना आहे, पण त्याचा अर्थ पहिल्यापासून देव न मानणारा असा नव्हता. भारतीय दर्शनांमध्ये वेदांचं प्रामाण्य न मानणाऱ्याला नास्तिक म्हणत. त्यामुळं चार्वाक, बौद्ध आणि जैन नास्तिकांत गेले. उलट सांख्यांनी जगाचा निर्माता असा ईश्वर गृहीत धरला नाही, तरी वेद मानले म्हणून ते आस्तिकांत बसले.

चार्वाकांनी तर देवाची व्याख्या अगदी जमिनीवर आणली. लोकांना डोळ्यानं दिसतो आणि खरोखर शिक्षा करू शकतो तो राजा, परमेश्वर म्हणायचं तर त्यालाच म्हणा, असं त्यांचं मत म्हणून जुन्या ग्रंथांत नोंदवलेलं आहे.

महाराष्ट्रात हा विषय गाजवला गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८८ साली त्यांनी सुधारक सुरू केलं. देवतोत्पत्ती या निबंधात त्यांनी देवानं माणूस घडवला का, हे बाजूला ठेवून माणसाच्या मनात देव कसा तयार झाला, हे उलगडायचा प्रयत्न केला. भीती, अज्ञान, मेलेल्या पूर्वजांविषयीच्या कल्पना यातून देवता कशा आकाराला येतात, हा त्यांचा विषय. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, ती अशा लिखाणामुळंच.

म्हणजे नास्तिकांमध्येही प्रकार आहेत. कुणी म्हणतो पुरावा नाही म्हणून मानत नाही. कुणी म्हणतो देव या शब्दाला धड अर्थच नाही. कुणी म्हणतो देव ही माणसाची निर्मिती आहे आणि तिचा इतिहास शोधता येतो.

गोरा यांच्या पुढं एक पाऊल गेले. देव माणसानं बनवला हे त्यांना मान्यच होतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. बनवल्यावर माणसानं त्याचा उपयोग कशासाठी केला?

त्यांचं उत्तर असं होतं की स्वतःची जबाबदारी टाकायला माणसाला एक जागा हवी होती. पाऊस पडला नाही, देवाची मर्जी. पोर दगावलं, नशिबाचे भोग. कुणी राजाच्या घरी जन्मला तर कुणी गावकुसाबाहेर, मागच्या जन्मीचं कर्म. जिथं जिथं माणूस आपल्या हातातलं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन मोकळा होतो, त्या दुसऱ्याचं नाव देव. नशीब, कर्म, विधिलिखित ही त्याचीच धाकटी भावंडं.

नोकरी गेली

१९३३ साली गोरा काकीनाड्याच्या पी.आर. कॉलेजात शिकवत होते. तिथं त्यांनी देवाच्या संकल्पनेवर एक लेख लिहिला. कॉलेजनं त्यांना काढून टाकलं.

पदरात लहान मुलं, वडिलांचं घर आधीच बंद झालेलं आणि हातातली नोकरी गेलेली. वर्गात देवावर काही न बोलता पानाफुलांबद्दल शिकवलं असतं तर पगार चालू राहिला असता. गोरांनी तसं केलं नाही. पुढं मछलीपट्टणमच्या हिंदू कॉलेजात नोकरी मिळाली. काही वर्षांनी तिथंही तेच झालं.

मग नवराबायकोनं ठरवलं की आता नोकरीच्या मागं लागायचं नाही. १९४० साली कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर नावाच्या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केलं. नाव ऐकून वाटेल की तिथं दिवसभर देव नाही यावर भाषणं चालत असतील. प्रत्यक्षात तिथं प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवलं जायचं आणि अस्पृश्यतेविरुद्ध काम चालायचं. दर पौर्णिमेला सगळ्या जातीचे लोक एका पंगतीला बसायचे आणि प्रत्येकजण आपल्या जेवणाचे पैसे देऊन जेवायचा.

यामागं गोरांचं गणित होतं. सवर्ण सुधारक दलिताच्या घरी जेवला तरी तो सवर्णच राहतो, उपकार केल्यासारखा. पण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, वरची जात, खालची जात ही सगळी लेबलं दोघांनीही काढून टाकली तर उरतात दोन माणसं. देव सोडला की लेबल सुटतं, असं त्यांचं म्हणणं.

१९४१ मध्ये त्यांनी गांधीजींना पुन्हा लिहिलं. आपण नास्तिक भूमिकेतून अस्पृश्यतेविरुद्ध काम करतोय, तुमच्याशी बोलायचं आहे, असं कळवलं. गांधीजींनी या वेळी जरा कडक उत्तर दिलं. त्यांच्या मते नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणं होतं आणि तिचा प्रसार करण्यात आजवर कुणाला यश आलेलं नव्हतं. गोरांना जे यश मिळतंय ते त्यांच्या प्रामाणिक कामाचं आहे, नास्तिकतेचं नाही, असंही त्यांनी सुचवलं. वर भेटीसाठी वेळ नसल्याचं सांगून टाकलं.

पुढच्या वर्षी चले जाव आंदोलन झालं. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये गेले. गोरा आणि सरस्वती दोघंही आंदोलनात उतरले आणि तुरुंगात गेले.

सेवाग्राममधली भेट

मे १९४४ मध्ये गांधीजींची सुटका झाली. गोरांच्या एका सहकाऱ्यानं सेवाग्रामला जाऊन मुदुनूरच्या कामाची माहिती त्यांच्या कानावर घातली आणि या वेळी भेट ठरली. नोव्हेंबर १९४४ मध्ये गोरा वर्ध्याला पोहोचले.

गांधीजी तेव्हा ७५ वर्षांचे. आगाखान पॅलेसमध्ये आधी महादेवभाई गेले, नंतर कस्तुरबा गेल्या. तब्येत खालावलेली, बोलण्यावर बंधनं. तरीही संध्याकाळच्या फेरफटक्याच्या वेळी त्यांनी गोरांना बोलावून घेतलं.

सुरुवात गांधीजींनी थट्टेनंच केली. देव नसलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय, असा त्यांचा सूर होता. गोरांनी लगेच दुरुस्ती केली की आपण नुसते देव नसलेले नाही, तर नास्तिक आहोत. गांधीजींनी या दोन्हींतला फरक विचारला.

आणि गोरांना हवा होता तोच विषय निघाला.

त्यांनी सांगितलं की देव नाही म्हणून थांबणं ही नकाराची भूमिका झाली. तेवढ्यानं माणूस बदलत नाही. नास्तिकता त्याच्या पुढं सुरू होते. देव नाही असं ठरल्यावर जी परिस्थिती उरते तिची जबाबदारी घेणं म्हणजे नास्तिकता. आता पावसासाठी विहीर आपल्यालाच खणायची आहे, पोराला औषध आपल्यालाच आणायचं आहे आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला आत आपल्यालाच घ्यायचं आहे. यालाच त्यांनी पुढं सकारात्मक नास्तिकता असं नाव दिलं.

उदाहरण म्हणून गोरांनी बंगालच्या दुष्काळाचा विषय काढला. १९४३ च्या त्या दुष्काळात लाखो माणसं मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर उपाशी माणसं मरत होती आणि तिथंच मिठाईची दुकानं भरलेली होती. मरणाऱ्याला वाटायचं हे आपल्या नशिबात आहे. खाणाऱ्याला वाटायचं आपल्याला देवानं दिलंय. गोरांच्या मते उपाशी माणसानं नशिबावर विश्वास ठेवला नसता आणि पोट भरलेल्यानं देवाच्या मर्जीआड लपायचं सोडलं असतं, तर भूक आणि मिठाई अशी शेजारी शेजारी राहिलीच नसती.

गांधीजींना दुसरीच काळजी होती. देवाचं भय गेलं की माणूस संयम सोडेल, मनाला येईल तसं वागेल, असं त्यांना वाटायचं. गोरांचं म्हणणं उलट होतं. देव मानणारा पाप करून माफी मागू शकतो, तीर्थाला जाऊन धुऊन येऊ शकतो. नास्तिकाला ही सोय नाही. त्याचा हिशेब इथंच, लोकांसमोर. त्यामुळं त्याला उघड आणि खरं वागण्यावाचून पर्याय नाही.

हे बोलणं काही एका संध्याकाळीत संपलं नाही. गोरा पुढंही सेवाग्रामला येत राहिले, सहकाऱ्यांनाही घेऊन आले. शेवटी गांधीजींनी असा कौल दिला की आपली आस्तिकता बरोबर आणि गोरांची नास्तिकता चूक, असं आपण म्हणू शकत नाही. दोघंही सत्य शोधतोय. कोण बरोबर ते कामाच्या परिणामावरून कळेल. मग दोघांपैकी एकजण दुसऱ्याच्या वाटेनं येईल किंवा दोघंही तिसरीच वाट धरतील. तोपर्यंत गोरांनी आपलं काम चालू ठेवावं, पद्धत वेगळी असली तरी आपण मदत करू.

१९४१ मध्ये भेटायलाही वेळ नाही म्हणणारे गांधीजी इथवर आले होते.

गांधीजींनी आधीच अर्धी वाट काढली होती

याला एक पार्श्वभूमी होती. गांधीजी लंडनला शिकत असताना चार्ल्स ब्रॅडलॉ या प्रसिद्ध इंग्रज नास्तिकाचं १८९१ साली निधन झालं. त्याच्या अंत्यविधीला हजर राहिलेल्यांमध्ये तरुण गांधीजीही होते. देव न मानणारी माणसंही सचोटीची असतात, हे त्यांनी तेव्हापासून पाहिलं होतं.

सुरुवातीला गांधीजी देव म्हणजे सत्य असं मांडायचे. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बोलताना त्यांनी हे वाक्य उलटं केलं आणि सत्य म्हणजेच देव असं मांडलं. कारण देव नाकारणारे पुष्कळ भेटतात, पण सत्य नाकारणारा नास्तिकही भेटत नाही.

वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो, पण फरक मोठा आहे. पहिल्या वाक्यात आधी देव मानावा लागतो. दुसऱ्यात आधी सत्य मानायचं, त्याला देव म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

गोरांना अर्थात इथंही शंका होती. सत्यालाच देव म्हणायचं असेल तर देव हा जादा शब्द हवाच कशाला? शिवाय गांधीजींचं सत्य बऱ्याचदा आतल्या आवाजातून यायचं. गोरांना चार लोकांना तपासून बघता येईल असं सत्य हवं होतं.

पण गोरांच्या व्याख्येचीही एक बाजू लंगडी होती. देव मानला की माणूस जबाबदारी टाकतो, असं म्हणावं तर समोर गांधीजी बसले होते. रोज प्रार्थना करणारा हा म्हातारा देवावर भार टाकून एक दिवसही स्वस्थ बसला नव्हता. तिकडं अमरावतीकडं गाडगेबाबा देवाचं नाव घेत घेतच हातात खराटा घेऊन गावं झाडत होते. म्हणजे श्रद्धा प्रत्येकालाच आळशी करते असं नाही. यावर दोघांचं एकमत कधी झालं नाही, पण या न जुळण्यातूनच पुढची गोष्ट घडली.

देवाच्या नावाशिवाय लागलेलं लग्न

गोरांची थोरली मुलगी मनोरमा. तिचं लग्न अर्जुन राव या दलित तरुणाशी करायचं ठरलं. आज २१ व्या शतकातही अशा लग्नावरून मुडदे पडतात. हे १९४६ साल होतं आणि खेडं आंध्रातलं.

गांधीजींनी तेव्हा ठरवून टाकलं होतं की वधू-वरांपैकी एकजण हरिजन असेल तरच आपण लग्नाला आशीर्वाद देणार. त्यामुळं त्यांना ही बातमी आवडली. हे लग्न सेवाग्राम आश्रमातच लावू, असं त्यांनी सांगितलं. पण घाई नको, दोन वर्षं थांबा आणि तोवर मुलाला आश्रमात राहू द्या, अशी अट घातली. अर्जुन राव सेवाग्रामला येऊन राहिले.

आता पेच असा होता की आश्रमातलं लग्न देवाच्या नावानं लागायचं, तर मुलीचे आईवडील नास्तिक. त्यांनी जावयाच्या जातीची पर्वा केली नव्हती, पण देवाच्या नावानं शपथ घेणं म्हणजे सगळ्या आयुष्याला हरताळ फासणं झालं असतं.

तोडगा खुद्द गांधीजींनी काढला. या लग्नात देव या शब्दाच्या जागी सत्य हा शब्द वापरायचा.

म्हणायला हा एका शब्दाचा बदल. पण रोज रामनाम घेणाऱ्या माणसानं, स्वतःच्या आश्रमात, दुसऱ्याच्या विचारांचा मान ठेवायला तो केला होता. नोकरी जाते, घर सुटतं, तरी ज्या प्रश्नाचा पिच्छा गोरांनी सोडला नाही, त्याला १९३० च्या पत्रात मिळालं नव्हतं असं उत्तर इथं मिळालं.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्राममधून बाहेर पडले. नौखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली करत राहिले. पुन्हा सेवाग्रामला परत येणं झालंच नाही. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत त्यांची हत्या झाली.

लग्न ठरवणारा माणूसच गेला होता. पण शब्द पाळला गेला. १३ मार्च १९४८ ला सेवाग्राम आश्रमात मनोरमा आणि अर्जुन राव यांचं लग्न लागलं, सत्याच्या नावानं. त्याच दिवसांत आश्रमात गांधीजींच्या मागं काम कसं चालवायचं हे ठरवायला देशभरातले कार्यकर्ते जमले होते.

या सगळ्या भेटींवर गोरांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १९५१ साली अहमदाबादच्या नवजीवन या गांधीजींच्याच प्रकाशन संस्थेनं छापलं. प्रस्तावना लिहिली वर्ध्यात राहणाऱ्या किशोरलाल मश्रूवाला यांनी, म्हणजे गांधीजींच्या अगदी जवळच्या माणसानं.

सेवाग्रामवरून दिल्ली, पायी

१९४७ मध्ये गोरांनी नास्तिक केंद्र मुदुनूरवरून विजयवाड्याला हलवलं. पण सेवाग्रामशी नातं तुटलं नाही. मुलगा लवणम विनोबांच्या भूदान पदयात्रेत आंध्रमध्ये दुभाष्या म्हणून चालला. विनोबा पूर्ण आस्तिक, दुभाष्या पूर्ण नास्तिक, आणि लोकांना दोघांचं म्हणणं एकाच तोंडून कळायचं.

१९६१-६२ मध्ये स्वतः गोरा सहकाऱ्यांना घेऊन सेवाग्रामवरून दिल्लीला पायी निघाले. ११०० मैल, ९९ दिवस. मागणी अशी की मंत्र्यांनी बंगले सोडून साधं राहावं आणि राजकारण पक्षांच्या कचाट्यातून सुटावं. अन्नधान्याची टंचाई होती तेव्हा तर त्यांनी सरकारी बागांमध्ये फुलांऐवजी भाजीपाला लावा म्हणून सत्याग्रह केला.

वरवर बघितलं तर यात देवाचा काही संबंध दिसत नाही. पण गोरांच्या लेखी मंत्री हाही एक लहान देवच होता. लोकांनी मत दिलं, हात जोडले आणि पाच वर्षं सगळं त्याच्यावर सोडून दिलं, तर नवसात आणि यात फरक काय?

त्यांनी सगळ्यांना सारखंच डिवचलं. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ मध्ये, त्यांच्या केंद्रात गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम झाला आणि मोठं वादळ उठलं. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही श्रद्धेला एकदम हात घातला गेला होता. पटणारे थोडे, चिडणारे जास्त, अशी त्या वेळी अवस्था होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विजयवाड्यात पहिली जागतिक नास्तिक परिषदही भरली.

२६ जुलै १९७५ ला विजयवाड्यात एका सभेत भाषण करता करता गोरा कोसळले आणि गेले. सरस्वती त्यांच्यानंतर ३१ वर्षं जगल्या आणि २००६ पर्यंत केंद्राचं काम बघत राहिल्या. १० व्या वर्षी लग्न झालेली मुलगी देशातल्या नास्तिक चळवळीतलं मोठं नाव झाली होती. २००२ मध्ये गोरांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

देव आहे की नाही यावर आपल्याकडं वाद घालणारे गल्लोगल्ली सापडतात आणि त्यातून हाती बहुतेक वेळा काहीच लागत नाही. गोरा आणि गांधीजी यांचाही वाद मिटला नाही. एक शेवटपर्यंत आस्तिक राहिला, दुसरा शेवटपर्यंत नास्तिक. पण दोघांनी एकमेकांना आधी अर्थ विचारला, मग काम बघितलं आणि जिथं शब्द आडवा आला तिथं शब्द बदलला. म्हणूनच १३ मार्च १९४८ ला वर्धा जिल्ह्यातल्या एका आश्रमात ब्राह्मण घरातली मुलगी आणि दलित घरातला मुलगा एकमेकांचे झाले.